घरच्या कॉम्प्युटरमधलं मालवेअर स्वतः काढावं का? नागपूरच्या एका हार्ड डिस्कने काय शिकवलं?

कॉम्प्युटर अचानक संथ झाला, ब्राउझर उघडल्यावर भलतंच पान येऊ लागलं, अँटिव्हायरस आपोआप बंद पडला, की आपल्याकडे एकच सल्ला मिळतो: ‘फॉरमॅट मारून टाक.’ बहुतेक वेळा त्याने काम भागतं. पण फॉरमॅट केल्यावर मालवेअरसोबत ते कधी आलं, कुठून आलं आणि त्याने काय केलं याच्या खुणाही पुसल्या जातात. या खुणा किती महत्त्वाच्या ठरू शकतात, हे नागपूरमधल्या एका प्रकरणातून समजतं.

नागपूरमध्ये काय घडलं होतं?

एल्गार परिषद प्रकरणात पुणे पोलिसांनी १७ एप्रिल २०१८ रोजी वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या नागपूरमधल्या घराची झडती घेतली. त्यांच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क जप्त झाली आणि ६ जून २०१८ रोजी त्यांना अटक झाली. माओवाद्यांशी संबंध असल्याचा आरोप त्यांच्यावर आहे, तो त्यांनी फेटाळला आहे. जानेवारी २०२० मध्ये हा तपास एनआयएकडे गेला.

जप्त केलेल्या डिस्कची प्रत बचाव पक्षाकडून अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या डिजिटल फॉरेन्सिक कंपनीकडे गेली. कंपनीचा अहवाल जुलै २०२१ मध्ये समोर आला. फेब्रुवारी २०१६ पासून वीस महिन्यांहून अधिक काळ या कॉम्प्युटरवर बाहेरच्या कुणाचा तरी ताबा होता, असं त्यात म्हटलंय. ओळखीच्या लोकांच्या नावाने आलेल्या ईमेलमधून ‘नेटवायर’ नावाचं मालवेअर शिरलं आणि नंतर १४ फाईल्स एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवल्या गेल्या, असा अहवालाचा निष्कर्ष आहे. हे कुणी केलं, ते मात्र त्यात सांगितलेलं नाही.

एनआयएला हा अहवाल मान्य नाही. न्यायालयाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेच्या तपासणीत मालवेअर आढळलं नाही, अशी तपास यंत्रणेची भूमिका आहे. कोणाचं म्हणणं खरं, याचा निवाडा न्यायालयातच होऊ शकतो. पण ही हार्ड डिस्क कुणी आधीच पूर्ण पुसून टाकली असती, तर दोन्ही बाजूंना तपासायला काहीच उरलं नसतं.

असं मालवेअर लक्षात का येत नाही?

नेटवायर हे काही दुर्मीळ शस्त्र नव्हतं. वेबसाईटवरून पैसे मोजून कुणीही ते विकत घेऊ शकत होतं. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ही वेबसाईट ताब्यात घेतली आणि क्रोएशियात एकाला अटक झाली. हे मालवेअर तुम्ही दाबलेली प्रत्येक की नोंदवतं, स्क्रीनचे फोटो काढतं, तुमच्या फाईल्स बाहेर नेतं आणि बाहेरच्या फाईल्स आत आणून ठेवतं. हे सगळं पडद्यामागे चालतं. कॉम्प्युटर हँग होईल, असं काही करणं त्याला परवडणारं नसतं.

त्याला एकच गोष्ट सांभाळावी लागते. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला, की त्यालाही सुरू व्हावं लागतं. त्यासाठी ते विंडोजमध्ये कुठेतरी स्वतःची नोंद करून ठेवतं. हाताने मालवेअर काढणं म्हणजे मुख्यतः ही नोंद शोधणं.

स्वतः काढायचं तर क्रम काय?

१. आधी इंटरनेट तोडा. वाय-फाय बंद करा, केबल काढा. मालवेअरचा मालकाशी संपर्क तुटतो.

२. सेफ मोडमध्ये जा. शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्टवर क्लिक करा. मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असं जाऊन रीस्टार्ट करा आणि ४ दाबा. यात विंडोज मोजक्याच गोष्टी सुरू करतं.

३. आपोआप सुरू होणारे प्रोग्राम तपासा. टास्क मॅनेजरमधली स्टार्टअपची यादी, टास्क शेड्युलर आणि रजिस्ट्रीमधली ‘रन’ ही नोंद, या तीन जागा महत्त्वाच्या. मायक्रोसॉफ्टचं ‘ऑटोरन्स’ हे मोफत टूल या सगळ्या जागा एकत्र दाखवतं. ते दुसऱ्या कॉम्प्युटरवर डाउनलोड करून आणा.

४. नावावर विश्वास ठेवू नका, पत्ता बघा. विंडोजची स्वतःची ‘एसव्हीसीहोस्ट’ ही फाईल सिस्टम ३२ फोल्डरमध्ये असते. त्याच नावाची फाईल टेम्प किंवा ॲपडेटामधून चालत असेल, तर संशय घ्या.

५. आधी नोंद बंद करा, मग फाईल काढा. उलट केलं तर अनेकदा फाईल पुन्हा तयार होते, कारण दुसरा एखादा प्रोग्राम तिच्यावर लक्ष ठेवून असतो.

६. शेवटी मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचं ऑफलाईन स्कॅन चालवा. ते विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी करतं, त्यामुळे मालवेअरला लपायला कमी वाव मिळतो. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या वेबसाईटवरही मोफत टूल मिळतात.

पासवर्ड मात्र याच कॉम्प्युटरवरून बदलू नका. की नोंदवणारं मालवेअर अजून आत असेल, तर नवा पासवर्डही चोराला कळेल. दुसरं, खात्रीचं डिव्हाईस वापरा.

रजिस्ट्रीत चुकीची नोंद उडवली, तर विंडोज सुरूच न होण्याचा धोका असतो. त्यामुळे जे ओळखता येत नाही, ते काढू नका. आणि नेटवायरसारखं पूर्ण ताबा घेणारं मालवेअर सापडलं, तर सफाईवर विसंबू नका. अशा वेळी विंडोज नव्याने टाकणंच सुरक्षित. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, हेही लक्षात ठेवा. जुनीच व्हर्जन पुन्हा टाकली, तर जुन्या वाटाही पुन्हा उघड्या राहतात.

मग हात कधी लावायचा नाही?

नुसत्या जाहिराती येत असतील, तर बिनधास्त साफ करा. पण बँकेतून पैसे गेले असतील, कुणी ब्लॅकमेल करत असेल किंवा तुम्ही तयार न केलेल्या फाईल्स सापडल्या असतील, तर काहीही डिलीट करण्याआधी थांबा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. स्क्रीनवर जे दिसतंय त्याचे मोबाईलने फोटो काढा, संशयास्पद ईमेल जपून ठेवा.

दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये अप्रामाणिक हेतूने व्हायरस सोडणं हा आयटी कायद्याच्या कलम ६६ नुसार गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण तो सिद्ध करायला पुरावा लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्यात ‘हॅश’ ही संख्या असते. ती डिस्कमधल्या माहितीच्या बोटाच्या ठशासारखी असते. एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो.

काम अडत असेल, तर एक सोपा मार्ग आहे. जुनी डिस्क काढून बाजूला ठेवायची आणि नवी डिस्क घालून त्यावर विंडोज टाकायचं. खर्च एका डिस्कचा होतो, काम लगेच सुरू होतं आणि पुरावाही शाबूत राहतो. दुकानदार ‘दोन मिनिटांत फॉरमॅट करून देतो’ म्हणाला, तर त्याला होकार देण्याआधी जुन्या डिस्कची कधी गरज पडू शकते का, एवढं तपासून घ्या.