मोटारीचा आकडा आणि कायद्याचे मौन

जुन्या मोटारींच्या व्यापाराला शिस्त लावण्यासाठी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती अंमलात आली. व्यापाऱ्याने परिवहन कार्यालयाकडून अधिकारपत्र घ्यावे, मालकाने गाडी हवाली करताच तसे कळवावे आणि ती आपल्या ताब्यात असताना कशासाठी, कोणी व किती किलोमीटर चालवली याची संगणकीय नोंदवही ठेवावी, असे हे नियम सांगतात. हेतू रास्त आहे. विकायला दिलेली गाडी परस्पर भलत्या कामाला लागली आणि अपघात झाला, तर पोलीस मूळ मालकाच्या दारात उभे राहतात, हा अनुभव नवा नाही. परंतु दुकानापासून गॅरेजपर्यंतच्या चार किलोमीटरांचा हिशेब मागणारा हा नियम, त्यापूर्वी गाडी चाळीस हजार किलोमीटर धावली होती की एक लाख चाळीस हजार, या प्रश्नाकडे वळतही नाही.

हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. २०२४-२५ या वर्षात देशात सुमारे ४३ लाख नवी प्रवासी वाहने विकली गेली. जुन्या मोटारींचे व्यवहार याहूनही अधिक होतात, असा या धंद्यातील मंडळींचा अंदाज आहे. पहिली मोटार घेणाऱ्या अनेक कुटुंबांची मोटार दुसऱ्या हातची असते. शासनाला या बाजाराची दखल नाही असेही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेर येथे झालेल्या वस्तू व सेवा कर परिषदेच्या बैठकीने नोंदणीकृत व्यापाऱ्याला जुनी मोटार विकून मिळणाऱ्या नफ्यावर १८ टक्के कराची शिफारस केली. नफा ज्या आकड्यावर बेतलेला असतो तो आकडा खरा की खोटा, याची विचारपूस मात्र कोणी केली नाही.

वास्तविक हा आकडा किती नाजूक पायावर उभा असतो हे कोणताही जुना मिस्त्री सांगू शकेल. प्रीमियर पद्मिनी, ॲम्बॅसेडर किंवा सुरुवातीच्या काळातील मारुती ८०० या गाड्यांत गिअरबॉक्सपासून निघालेली एक लवचिक केबल मीटरपर्यंत जाते. तिच्या फिरण्याने चुंबक फिरतो व वेगाचा काटा हलतो. त्याच फिरण्यातून बारीक दात्यांच्या चाकांची साखळी आकड्यांची चाके पुढे सरकवते. काटा आणि आकडे दोन्ही थांबले तर केबल तुटली किंवा गिअरबॉक्सकडील दाते झिजले असे समजावे. काटा हलतो, पण आकडे जागचे हलत नाहीत, तर दोष मीटरच्या पोटात असतो. प्लॅस्टिकचे दातेरी चाक उन्हाने व वयाने ठिसूळ होऊन तडकते, किंवा आपल्या दांड्यावर सैल होऊन नुसतेच घसरू लागते. दोष किरकोळ आणि दुरुस्ती एका दुपारची असते. गाडी चालायला काहीच अडत नसल्याने मालक ती दुरुस्ती महिनोन् महिने लांबणीवर टाकतो, आणि तेवढ्या काळात झालेला प्रवास आकड्यात उमटत नाही.

खरी अडचण पुढे आहे. मिस्त्रीने मीटर उघडला, नवे चाक बसवले, आता आकडा कोणता ठेवायचा? बंद पडला तेव्हाचा ठेवला तर मधल्या काळातला प्रवास हिशेबातून गळतो. अदमासाने पुढे नेला तर तोही अंदाजच. सबंध मीटर बदलून दुसऱ्या गाडीचा बसवला तर परक्या गाडीचा इतिहास या गाडीच्या कपाळी लागतो. नवा कोरा मीटर घातला तर पंधरा वर्षांची गाडी शून्यापासून जन्म घेते. यांतील कोणत्याही पर्यायात लबाडी असेलच असे नाही. परंतु प्रामाणिक मालकाने केलेली दुरुस्ती आणि ठकसेनाने केलेली फिरवाफिरव या दोहोंसाठी हत्यार तेच, हात तोच व बाहेरून दिसणारे फळही तेच. दोघांतला फरक केवळ नोंदीने दाखवता येतो, आणि ती नोंद करण्याची जागा आपल्या कायद्याने ठेवलेलीच नाही. मालकी हस्तांतराच्या २९ व ३० क्रमांकांच्या अर्जांत चॅसीचा क्रमांक लागतो, इंजिनाचा क्रमांक लागतो. धावलेल्या अंतराला तेथे रकाना नाही. वेगमापक असावा व तो कितपत अचूक असावा यासाठी नियम आहे, त्याच मीटरमधल्या अंतराच्या आकड्यासाठी नाही. टॅक्सीच्या भाडेमीटरची मात्र तपासणी होते, त्याला सील ठोकले जाते. प्रवाशाचे पाच-दहा रुपये वाचावेत म्हणून सरकार जागरूक आहे. कुटुंबाची पाच-सहा लाखांची पुंजी ज्या आकड्यावर लागते त्याला सील नाही.

अमेरिकेने ही गाठ पन्नास वर्षांपूर्वी सोडवली. १९७२ च्या कायद्याने मीटर मागे फिरवणे हा गुन्हा ठरवला, आणि त्याच कायद्यात दुरुस्तीचाही विचार केला. दुरुस्तीनंतर आकडा पूर्वीइतकाच राहावा; तसे शक्य नसेल तर मीटर शून्यावर आणावा आणि दुरुस्तीपूर्वीचा आकडा व दुरुस्तीची तारीख लिहिलेली सूचना डाव्या दाराच्या चौकटीवर, म्हणजे तेथील चालकाच्या बाजूस, लावावी. फसवणुकीच्या इराद्याने ती सूचना काढणे हाही अपराध. शून्यावर आणण्याची ही कल्पना वरकरणी चमत्कारिक वाटते, पण तिच्यात शहाणपण आहे. खोट्या नेमकेपणापेक्षा उघड अज्ञान बरे, कारण शून्य पाहिल्यावर ग्राहक दाराची चौकट पाहतोच. १९८६ मध्ये तेथे मालकीच्या मूळ कागदावरच अंतराची नोंद सक्तीची झाली. फसवणूक सिद्ध झाल्यास नुकसानीच्या तिप्पट किंवा १० हजार डॉलर, यांतील मोठी रक्कम ग्राहकाला मिळू शकते. कायदा केला म्हणून लबाडी संपली असे अर्थातच नाही. १९८७ मध्ये क्रायस्लर कंपनीवर आरोपपत्र ठेवले गेले. कंपनीचे अधिकारी मीटर तोडलेल्या गाड्या वापरत आणि नंतर त्या नव्या म्हणून बाजारात जात, असा तो आरोप होता. अध्यक्ष ली आयाकोका यांना जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. एवढ्या मोठ्या उद्योगपतीला मान खाली घालावी लागली, कारण त्या देशात हा आकडा सार्वजनिक विश्वासाचा विषय मानला गेला होता.

आकड्यांची चाके गेली आणि अंक पडद्यावर आले म्हणून हा प्रश्न निकालात निघेल अशी समजूत होती. घडले उलटेच. चाके मागे फिरवली की अंक एका रेषेत बसत नसत, स्क्रूवर ओरखडे राहत. जाणत्याच्या नजरेला ते दिसे. आता आकडा एका चिपमध्ये साठवलेला असतो आणि योग्य उपकरण जोडले की ओरखडा न पाडता नवा लिहिता येतो. नुकसान केवळ पैशाचे होत नाही. इंजिनाचा टायमिंग बेल्ट ठरावीक किलोमीटरनंतर बदलावा लागतो. तो चालत्या गाडीत तुटला तर अनेक इंजिने कायमची जायबंदी होतात. ज्या मालकाला वाटते की अजून तीस हजार किलोमीटर अवकाश आहे, त्याची मुदत कदाचित मागच्या मालकाकडेच उलटून गेलेली असते. घाटात गाडी बंद पडते तेव्हा त्याला हिशेब कळतो.

फसवणूक करणाऱ्याला शिक्षा देण्यास न्याय संहितेचे ३१८ वे कलम पुरेसे आहे, असे म्हणता येईल. परंतु फसवणूक सिद्ध करायची तर आधीचा खरा आकडा कोणीतरी कोठेतरी लिहून ठेवलेला हवा. तो नसेल तर कलम कितीही कडक असले तरी पोलीस ठाण्यात फिर्याद टिकत नाही. १९३० च्या मालविक्री कायद्यातील 'ग्राहका, सावध राहा' हे तत्त्व मग शब्दशः लागू पडते. सावध राहायचे कशाच्या आधारे, एवढेच त्यात सांगितलेले नाही. बेल्जियममध्ये गॅरेजवाल्याने व तपासणी केंद्राने गाडीचा आकडा मध्यवर्ती नोंदीला कळवावा लागतो आणि विक्रीच्या वेळी त्याचा दाखला खरेदीदाराला द्यावा लागतो. ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीत लिहिलेला आकडा कोणालाही विनामूल्य पाहता येतो.

आपल्याकडे यासाठी नवे खाते उघडण्याचे कारण नाही. प्रदूषण तपासणीसाठी प्रत्येक गाडी ठरावीक काळाने केंद्रावर जातेच. तेथे मीटरचा आकडा टिपून तो वाहन नोंदणीच्या संगणकाशी जोडला, तर तीन-चार वर्षांत प्रत्येक मोटारीचा आलेख तयार होईल आणि मध्येच खाली घसरलेला आकडा आपोआप उघडा पडेल. प्रदूषण केंद्रावरील प्रमाणपत्रेच कधी कधी गाडी न पाहता मिळतात, ही तक्रार खोटी नाही. तेव्हा मीटरचे छायाचित्रही जोडावे लागेल. गाडी कोठे गेली हे यातून कळत नाही, किती गेली एवढेच कळते, त्यामुळे खासगीपणाचा आक्षेपही फारसा टिकत नाही.

मीटर दुरुस्त करणाऱ्या कारागिरावर मात्र सरसकट संशयाची तलवार टांगणे अन्यायाचे होईल. या कामात हयात घालवलेले लोक गल्लोगल्ली आहेत आणि जुन्या गाड्या त्यांच्याच जिवावर चालतात. त्यांच्याकडून जुना आकडा, नवा आकडा, तारीख आणि चॅसी क्रमांक एवढ्या चार गोष्टींची पावती मागावी व तिची प्रत परिवहन कार्यालयाने मालकाकडून फुकट दाखल करून घ्यावी. पंधरा वर्षांनी खासगी मोटारीची नोंदणी नव्याने करावी लागते, तेव्हा ती पावती तपासणाऱ्या अधिकाऱ्यासमोर असेल. अमेरिकेत पूर्वी दहा वर्षांहून जुन्या गाड्यांना अंतर जाहीर करण्यातून सूट होती. १ जानेवारी २०२१ पासून, २०११ व त्यापुढील वर्षांच्या गाड्यांसाठी ही मर्यादा वीस वर्षांवर नेण्यात आली. गाड्या पूर्वीपेक्षा अधिक काळ टिकू लागल्या, हे त्यामागचे कारण होते. आपल्याकडे तर त्या नेहमीच अधिक काळ टिकवाव्या लागत आल्या आहेत.