शीत एका भांड्यातलं, भात दुसऱ्या

गेल्या रविवारी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझ्या धाकट्या दिरांनी एक वाक्य टाकलं. "वहिनी, धंदा आपल्या रक्तात नाही, हे आता तरी सूनबाईंना सांगा." खाली अकरा अंगठे उमटले. आणखी कोणीतरी लिहिलं, "उल्हासनगरचा माल असणार, दुसरं काय!" त्यावर हसणारे चेहरे.

मी तिथे उत्तर दिलं नाही. दोन ओळींत मावणारं नव्हतं, म्हणून इथे लिहिते आहे. भाऊजी हा ब्लॉग वाचतात हे मला ठाऊक आहे. तेव्हा भाऊजी, चहा घेऊन बसा, जरा लांबणार आहे.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझी सून बदलापूरला आमच्याच घरी, बंद केलेल्या गॅलरीत, मग, उशांचे अभ्रे, कीचेन आणि टीशर्ट यांवर फोटो छापून देते. याला सब्लिमेशन प्रिंटिंग म्हणतात. आपल्या शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्याला 'संप्लवन' असा सुंदर शब्द आहे. कापूर किंवा डांबरगोळी जशी न वितळता थेट हवेत जाते, तशी ही शाई. कागदावर चित्र उलटं छापायचं, तो कागद वस्तूला घट्ट बांधायचा आणि प्रेसमध्ये साधारण १८० ते २०० अंश तापवायचा. शाईची वाफ होते आणि ती पॉलिएस्टरमध्ये शिरून बसते.

पॉलिएस्टरमध्येच, हे महत्त्वाचं. कापसात ती टिकत नाही. शहाडला सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आहे, पण रेयॉनही लाकडाच्या लगद्याचं, म्हणजे कापसाच्याच कुळातलं, त्यावरही चालत नाही. जन्मभर सुती साड्यांचं कौतुक केलेल्या मला आता घरात पॉलिएस्टरचं माहात्म्य ऐकावं लागतं! चिनी मातीच्या मगात तर पॉलिएस्टर नसतंच. म्हणून त्यावर बाहेरून एक पारदर्शक थर दिलेला असतो. अशा मगाला 'कोटेड मग' म्हणतात. हा थर नुसत्या डोळ्यांना कळत नाही. कोटेड आणि बिनकोटेड मग शेजारी ठेवले तर मला तरी फरक सांगता येत नाही. सुनेलाही येत नाही.

आता झालं ते सांगते.

मी शिकवलेल्या १९९८ च्या दहावीच्या मुलांनी मेळावा भरवला आणि आठवण म्हणून १४४ मग करायला दिले. एका बाजूला वर्गाचा फोटो, दुसऱ्या बाजूला ज्याचं त्याचं नाव. ऑर्डर माझ्यामुळे आली, म्हणून मी भारी खुशीत. मगांचं खोकं ३६ चं असतं, म्हणजे बरोब्बर चार खोकी. सून आणि मी लोकलने मशीद बंदरला गेलो. तिने आधी दोन मग नमुना म्हणून आणले होते, छापून, धुऊन पाहिले होते, उत्तम निघाले होते. दुकानदार म्हणाला, बिलाने ७३ रुपये, बिनबिलाचा ६५, रोख. सून म्हणाली, "आई, बिल घेऊया." मी म्हणाले, "अगं, तुला कुठे तो कर परत मिळणार आहे? तुझी जीएसटीची नोंदणी नाही. मगामागे आठ रुपये म्हणजे ११५२ रुपये वाचतायत, वाचव की!"

हे वाक्य माझं आहे. एक निवृत्त शिक्षिका, नागरिकशास्त्राचे तास घेतलेली. हे कबूल केल्याशिवाय पुढचं लिहायचा मला अधिकार नाही.

चारपैकी दोन खोक्यांतले मग छापल्यावर जरा फिके वाटले. फोटोच जुना, म्हणून असेल असं आम्हाला वाटलं. मेळावा झाला, मग वाटले, फोटो काढले. पंधरा दिवसांनी एका विद्यार्थिनीचा फोन आला. "बाई, रागावू नका, पण मगावरून तुम्ही गेलात." मला कळेना. तर चार-पाच वेळा धुतल्यावर फोटोची एक बाजू पुसली गेली होती आणि वर्गशिक्षिका म्हणून मी त्याच टोकाला उभी होते! मी हसले खरी. पण मग एकेक फोन येऊ लागले. कुणाचं नाव गेलं, कुणाचा बाक गेला. मोजले तेव्हा ७२ मग निघाले. दोन खोकी, पूर्ण.

सून खराब मग घेऊन दुकानात गेली. दुकानदाराने डोक्यावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. 'एकदा विकलेला माल परत घेतला किंवा बदलून दिला जाणार नाही.' मग विचारलं, "आमच्याकडूनच घेतले कशावरून? बिल आहे?" आमच्याकडे होती एक कच्ची चिठ्ठी. त्यावर '४ बॉक्स' आणि एक आकडा. ना दुकानाचं नाव, ना तारीख.

सुनेने मात्र ७२ मग पुन्हा करून दिले. आमच्या गावाचं नाव बदलापूर. शिवाजी महाराजांच्या सैन्याचे घोडे इथे बदलले जात म्हणून हे नाव पडलं, असं जुनी माणसं सांगतात. तेव्हा घोडे बदलून मिळणाऱ्या गावात मग तरी बदलून द्यायलाच हवेत! पण विनोद सोडा. तिला ती पाटी लावताच येत नाही. तिचे ग्राहक म्हणजे जिन्यात भेटणारे शेजारी, मुलाच्या वर्गातल्या आया, माझे विद्यार्थी. उद्या भाजी घेताना तोंड कसं दाखवणार?

हिशेब सांगते. मगामागे ४० रुपये सुटणार होते, म्हणजे १४४ चे ५७६०. पुन्हा केलेल्या मगाला माल ६५ आणि शाई, कागद, खोकं मिळून १५, म्हणजे ७२ चे ५७६०. महिनाभराच्या राबण्याचं उत्तर शून्य. गणिताच्या मास्तरांनी मुद्दाम घातलेलं उदाहरण वाटावं इतकं नेमकं. आणि मी वाचवलेल्या ११५२ रुपयांच्या बरोबर पाचपट.

आता भाऊजींच्या 'रक्ता'कडे येते.

माझी आई चौथी शिकलेली. आम्ही अंबरनाथला राहायचो, वडील काडेपेटीच्या कारखान्यात. कापड घ्यायला आई आम्हाला उल्हासनगरला न्यायची. दुकानात बसली की पहिल्यांदा रुमालाचं टोक ओलं करून कापडावर घासायची, रंग उतरतो का पाहायला. मग मुठीत चुरगाळून पाहायची. आणि मग म्हणायची, "तागा पूर्ण उलगडा." वरची घडी तिला पुरत नसे, आतलं टोक पाहिल्याशिवाय ती पैसे काढत नसे. आम्हा मुलींना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. दुकानदाराला मात्र काहीच वाटायचं नाही. तो "देखो ना बहेनजी" म्हणत तागा सोडायचा. घेणारी माल ओळखते हे त्याला कळायचं आणि भावही तसाच लावायचा.

ही बाई कुठल्या व्यापारी रक्ताची होती? तिची मुलगी बीए झाली, मास्तरीण झाली आणि घासाघीस करायची, उलगडून बघायची तिला लाज वाटू लागली. रक्त तेच होतं, भाऊजी. आईच्या हातात जे होतं ते आमच्या शिक्षणाने पुसलं, त्या ७२ मगांवरच्या फोटोसारखं.

आणि उल्हासनगरबद्दल. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद माझ्या लहानपणापासून ऐकते आहे. तो सांगणाऱ्यांना मी एकच आठवण करून देते. १९४७ नंतर सुमारे लाखभर माणसं घरदार सोडून कल्याणजवळच्या लष्करी छावणीत येऊन पडली. १९४९ च्या ऑगस्टमध्ये राजगोपालाचारींच्या हस्ते त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. आजही आपण तिथल्या भागांना कॅम्प एक, कॅम्प दोन असंच म्हणतो. बराकीत राहून त्यांनी बाजार उभा केला, तो माल कुठून आणायचा, कसा पारखायचा आणि कुणाला विकायचा हे शिकून. तेही रक्तात घेऊन कोणी आलं नव्हतं, पोटाने शिकवलं. आणि हो, आमचे खराब मग उल्हासनगरचे नव्हतेच. कुठले होते ते आम्हाला आजही सांगता येणार नाही, कारण खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव नव्हतं, आयात करणाऱ्याचंही नव्हतं.

माझं भांडण आहे ते इथे.

आपण म्हणतो ना, शितावरून भाताची परीक्षा? ती म्हण खरी ठरायला एक अट लागते. शीत त्याच भांड्यातलं हवं. या बाजारात नमुना एका भांड्यातला आणि भात दुसऱ्या भांड्यातला. आजचा मग एका कारखान्याचा, पुढच्या महिन्याचा दुसऱ्याचा, खोकं तेच पांढरं. कदाचित त्या दुकानदारालाही वरून तसाच माल आला असेल, बिनबिलाचाच. त्याने तो खाली ढकलला. वरून खाली प्रत्येक जण ढकलतो आणि शेवटी उभी असते ती प्रेस तापवणारी बाई. तिच्या खाली ग्राहक, आणि त्याच्यावर तिला ढकलता येत नाही. सगळ्या साखळीचा धोका सगळ्यात कमी भांडवल असणाऱ्याने घ्यायचा, ही कुठली रीत?

कोणी म्हणेल, बाजार असाच असतो. नसतो. मी मुद्दाम वकील असलेल्या भाचीकडून समजून घेतलं. मालविक्रीचा कायदा १९३० सालचा आहे, म्हणजे इंग्रजांच्या काळातला. त्यातलं १७ वं कलम नमुन्यावरून होणाऱ्या विक्रीचंच आहे. सगळा माल नमुन्याबरहुकूम हवा, नमुन्याशी ताडून पाहायची संधी घेणाऱ्याला मिळायला हवी आणि वरवर पाहून न कळणारा, माल विकाऊ न ठेवणारा दोष त्यात नसावा. माझ्या आईचा तागा उलगडणं म्हणजे हेच कलम! २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा तर स्पष्ट म्हणतो की बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत. "पण हा तर धंद्यासाठी घेतलेला माल", असं म्हणाल, तर केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेला माल असेल तर घेणारा ग्राहकच धरला जातो. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्कही नाही. ती पाटी म्हणजे कायदा नव्हे. ती नुसती पाटी आहे.

पण हे सगळं ज्या एका कागदावर उभं आहे, तो कागद मी ११५२ रुपयांना विकला.

दुसरं भांडण एका दिवसाच्या 'उद्योजक बना' शिबिरांशी. सूनही अशा एकाला गेली होती. दिवसभर प्रेस कशी तापवायची ते शिकवलं आणि संध्याकाळी तीच प्रेस विकली. माल कुठून घ्यायचा, कसा तपासायचा, बिलावर काय लिहून घ्यायचं, यावर एक अक्षर नाही. पोहायला शिकवायचं आणि पाण्याबद्दल बोलायचंच नाही. छापणं आठ दिवसांत येतं. घेणं ही विद्या आहे आणि ती कोणीच शिकवत नाही, आम्ही शाळेतही शिकवली नाही.

आता आम्ही काय करतो ते लिहिते, कुणाला उपयोग झाला तर झाला. बिल घ्यायचं, महाग पडलं तरी. बिलावर नुसतं 'मग' नको, 'सब्लिमेशन कोटेड मग' असं लिहून घ्यायचं. पैसे खात्यातून द्यायचे. घरी आल्यावर प्रत्येक खोक्यातला वरचा, मधला आणि तळाचा असे तीन मग छापायचे, गरम पाण्यात साबणाने पाच वेळा घासायचे आणि मगच बाकीच्यांना हात लावायचा. नमुन्यातला एक मग तारीख घालून जपून ठेवायचा. मोठी ऑर्डर असेल तर आठ दिवस जास्त मागून घ्यायचे, ग्राहक रुसला तरी.

परवा आम्ही दुसऱ्या दुकानात गेलो. मी म्हटलं, "खालचं खोकं काढा आणि त्याच्या तळाचा मग दाखवा." दुकानातला पोरगा वैतागला. मालकाने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "निकाल रे, मौसी बोलतेय तो." सून बाजूला उभी राहून मोबाइलमध्ये बघत होती. मला कळत होतं, तिला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

भाऊजी, शेवटचं. त्या अकरा अंगठ्यांपैकी नऊ जणांच्या घरात सुनेने छापलेले मग आहेत. पैसे देऊन घेतलेले किती, ते मी इथे लिहीत नाही. धंदा रक्तात नसेल, पण घरातला माल फुकट नेणं कुठून आलं, याचाही कोणीतरी शोध घ्यावा. राग आला तर फोन करा. आणि दिवाळीला मग हवे असतील तर ऑर्डर महिनाभर आधी द्या, बिल मिळेल.

बाकी मंडळी, तुमच्यापैकी कोणी असा लहानसा उद्योग करत असाल, तर माल कसा पारखता ते जरूर लिहा. मी सुनेला वाचून दाखवीन.