पंचाशी हुज्जत, पोरांचं नुकसान : तालुका स्पर्धांच्या मैदानावर नेमकं बिघडतंय कुठं?

पावसाळा सरत आला की तालुक्याच्या मैदानावर शालेय स्पर्धा सुरू होतात. १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट, कबड्डी, खो-खो, कुस्ती. टेम्पोतून, एसटीतून पोरं येतात. आणि दरवर्षी एक चित्र कुठं ना कुठं दिसतंच. शेवटच्या दोन मिनिटांत पंचाने बोनस दिला किंवा दिला नाही, की कडेला उभे असलेले मोठे लोक मैदानात घुसतात. आरडाओरडा, धक्काबुक्की, मोबाइलवर शूटिंग. संध्याकाळपर्यंत व्हिडिओ गावच्या ग्रुपवर. पोरं मात्र खाली मान घालून परत जातात.

भांडण एका गुणाचं नसतं

शालेय स्पर्धा बाद पद्धतीने होतात. तालुक्याला हरलं की जिल्ह्याची वाट बंद. जिल्हा, विभाग, राज्य असं वर गेलं तर दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळण्याची आशा असते. पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. कोरडवाहू शेती असलेल्या घरात या गोष्टीचं मोल मोठं आहे. म्हणून बोनसची रेषा ओलांडली की नाही, हा प्रश्न तिथं एका गुणाचा राहत नाही, पोराच्या भविष्याचा होऊन बसतो. वय कमी दाखवून मोठा मुलगा खेळवण्याचा मोहही इथूनच येतो.

दुसरी अडचण पंचांची. तालुक्याला पंच म्हणून बहुतेक वेळा आसपासच्या शाळांतले क्रीडा शिक्षकच उभे असतात. त्यामुळे 'त्यांचा माणूस' हा संशय सामना सुरू व्हायच्या आधीच तयार असतो. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत तर वेगळा क्रीडा शिक्षकच नसतो. वर्गशिक्षकच संघ घेऊन येतात. हरल्यावर कसं वागायचं, दाद कशी मागायची, हे पोरांना सांगायला वेळ कुणाकडे आहे?

मोठ्यांनी दाखवलेला रस्ता

२ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरी स्पर्धेत काय झालं ते सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं. पृथ्वीराज मोहोळविरुद्धच्या कुस्तीत पाठ टेकली नव्हती, असा शिवराज राक्षेचा दावा होता. वाद वाढला आणि त्याने पंचाला लाथ मारली. अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडनेही निर्णयावर नाराज होऊन मैदान सोडलं. दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. पंचाचा निर्णय बरोबर की चूक, यावर पुढे बरीच चर्चा झाली. पण लोकांच्या लक्षात निर्णय राहिला नाही, लाथ राहिली. बाजू खरी असली तरी हात उचलला की ती हातची जाते, एवढं यातून पोरांना सांगता येतं.

खाशाबांनीही दाद मागितली होती

खिलाडूवृत्ती म्हणजे अन्याय गप गिळणं, असा एक गैरसमज आहे. त्यावर उत्तर कराड तालुक्यातल्या गोळेश्वरचंच आहे. खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. हरून परतले आणि पुन्हा तयारीला लागले. १९५२ च्या निवडीत आपल्यावर अन्याय झाला, असं त्यांना वाटलं. त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावली गेली आणि ती त्यांनी मारली, असं सांगितलं जातं. हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी फोटोला हार घालताना ही दाद मागण्याची गोष्टही पोरांना सांगायला हवी.

शिकवायचं काय आणि कसं?

यासाठी पैसा लागत नाही. सरावातच करण्यासारख्या चार गोष्टी आहेत.

एक, पंचाशी बोलायचं ते फक्त कर्णधाराने. बाकीच्यांनी आपल्या जागेवर थांबायचं. आक्षेप असेल तर सोबतच्या शिक्षकांनी तो आयोजकांकडे लेखी द्यायचा.

दोन, कार्डचे नियम पोरांना पाठ हवेत. कबड्डीत हिरवं कार्ड म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे त्या सामन्यातून बाहेर. रागाच्या भरात गेलेली दोन मिनिटं पूर्ण संघाला महागात पडतात.

तीन, सरावात पंच पोरांनाच करायचं, आळीपाळीने. एकदा शिट्टी हातात आली की क्षणात निर्णय देणं किती अवघड असतं ते कळतं. बोट लागलं आणि पंचाने पाहिलं नाही, तर स्वतःहून हात वर करणाऱ्या पोराचं सगळ्यांसमोर कौतुक करायचं.

चार, हरल्यावर त्याच दिवशी झापायचं नाही. आधी समोरच्या संघाशी हात मिळवायचा. चुका दुसऱ्या दिवशी, शांतपणे.

पालकांसाठी नियम एकच. दोरीच्या आत पाय ठेवायचा नाही. टाळ्या वाजवा, नाव घेऊन ओरडा, पण पंचाचा बाप काढू नका. आपलं पोर ते ऐकत असतं.

शेवटी उरतं काय?

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी तो जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. तिथवर पोचणारी पोरं थोडीच असतात. तालुक्याला उतरणाऱ्या बहुतेक संघांना कधी ना कधी हरूनच घरी यायचं असतं. त्या परतीच्या टेम्पोत ती काय बोलतात, पंचाला शिव्या देतात की पुढच्या वर्षीचा सराव ठरवतात, यावरून शाळेने आणि गावाने त्यांना काय शिकवलं ते कळतं.