हप्ता बारा महिन्यांचा, काम शंभर दिवसांचे



तालुक्याच्या बैठका संपल्या की चहाच्या वेळी हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. शिरूरमध्ये निघतो, दौंडमध्येही निघतो. "भाड्याच्या जेसीबीत किती पैसे घालायचे? एक लहान पोकलेन आपणच घेतला तर? घरचे काम होईल, बाहेर भाड्याने चालेल आणि पोरालाही धंदा मिळेल." विचारणारा हौसेने विचारत नाही. मे महिन्यात शेततळ्याचे काम निघते, तेव्हा यंत्रवाला रांजणगाव, सणसवाडी नाहीतर कुरकुंभच्या कारखान्यांकडे गेलेला असतो. आज येतो, उद्या येतो, असे करता करता मृग लागतो आणि अर्धवट खड्ड्यात पाऊस पडतो. एक वर्ष वाया जाते. ते ज्याने सोसले आहे, त्याला यंत्र आपल्या दारात असावे असे वाटणारच.

म्हणून हा विषय आम्ही हसण्यावारी नेत नाही, त्याचा हिशेब मांडतो. शेतीमालाचा उत्पादन खर्च काढायला आपण शिकलो. यंत्राचा खर्चही तसाच, पै-पैचा, काढला पाहिजे. खालचे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत. ज्याच्या गावचा दर वेगळा असेल, त्याने तो घालून हाच हिशेब पुन्हा करावा.

आधी भाड्याचे पाहू. शेततळे 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद आणि 3 मीटर खोल धरू. बाजूंना एकास एक उतार दिला तर खोदाई 2,196 घनमीटर भरते. आपल्या भाषेत सुमारे 775 ब्रास. चाकाचा जेसीबी साध्या मातीत आणि मऊ मुरमात तासाला 40 घनमीटर काढतो असे धरले, तर काम 55 तासांचे आहे. तासाला 1,200 रुपये दराने 66 हजार रुपये झाले. कठीण मुरूम किंवा खडक लागला तर तास वाढतील आणि ब्रेकरचा दर वेगळा पडेल. राज्य सरकारच्या वैयक्तिक शेततळे योजनेत आकारमानानुसार जास्तीत जास्त 75 हजार रुपये अनुदान आहे. ते काम झाल्यावर मिळते, त्यामुळे आधी पैसे आपल्यालाच उभे करावे लागतात.

तळे एकदाच होते. त्यानंतर बांध दुरुस्ती, चर, ओघळीची डागडुजी यांसाठी पाच-सात एकराच्या कोरडवाहू शेतकऱ्याला वर्षाला दहा तासांचे काम निघाले तरी पुष्कळ. दहा वर्षांत ते 100 तास होतात, म्हणजे 1 लाख 20 हजार रुपये. तळ्याचे 66 हजार मिळवा. दहा वर्षांत यंत्राच्या भाड्यापोटी 1 लाख 86 हजार रुपये जातात आणि तेही एकदम द्यावे लागत नाहीत.

आता खरेदीचे. तीन टनी लहान पोकलेन करासह 24 लाखांना धरू. 4 लाख रुपये पदरचे भरायचे आणि 20 लाखांचे कर्ज चार वर्षांच्या मुदतीने, 11 टक्के व्याजाने घ्यायचे. महिन्याचा हप्ता जवळजवळ 51,700 रुपये बसतो. वर्षाचे 6 लाख 20 हजार झाले. ऑपरेटरचा पगार महिना 20 हजार धरला तर वर्षाला 2 लाख 40 हजार. विमा आणि किरकोळ खर्च 25 हजार. एकूण 8 लाख 85 हजार. हा खर्च यंत्र चालले तरी आहे आणि दारात उभे राहिले तरी आहे.

यंत्र चालू झाले की दुसरा खर्च लागतो. तासाला साडेतीन लिटर डिझेल, लिटरला 90 रुपये धरून 315 रुपये. ऑइल, फिल्टर, ग्रीस, बकेटचे दात, होज पाइप, पिन-बुश, चेन यांसाठी 100 रुपये बाजूला टाकलेच पाहिजेत. या गावाहून त्या गावाला गाडीवर चढवून न्यायचे भाडे तासावर वाटले तर 35 रुपये. तासाला 450 रुपये झाले. लहान यंत्राला तासाचा दर 900 रुपये मिळाला तर हातात 450 उरतात. त्या साडेचारशेंतून 8 लाख 85 हजार उभे करायला यंत्र वर्षाला 1,967 तास चालले पाहिजे. रोज आठ तास धरले तर 246 दिवस.

आपल्या जिरायत गावात 246 दिवस काम आहे का? शिरूरच्या पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाईकडे पाहा. दौंडच्या दक्षिणेला खोर, देऊळगाव गाडा, पडवी, कुसेगाव, रोटीकडे पाहा. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, कडबा गोळा होतो आणि मग रान मोकळे होते. तिथून मृगापर्यंत जेमतेम शंभर दिवस. पुढे पावसात यंत्र रानात जात नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ज्वारीची पेरणी झाली की उभ्या पिकात कोणी यंत्र घालू देत नाही. कापसाच्या भागातही पऱ्हाटी उपटेपर्यंत हीच गत. शंभर दिवसांचे 800 तास आणि वर्षभर विखुरलेले आणखी 200 तास, असे 1,000 तास धरले, तर हातात 4 लाख 50 हजार येतात. तूट 4 लाख 35 हजारांची.

ही तूट कशातून भरायची? 2025-26 च्या हंगामासाठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला 3,749 रुपये जाहीर झाला. त्या भावाने नुसती तूट भरायला 116 क्विंटल ज्वारी लागते. महिन्याचा एक हप्ता म्हणजे जवळपास 14 क्विंटल ज्वारी. मध्यम धाग्याच्या कापसाचा त्याच वर्षाचा हमीभाव 7,710 रुपये. कापूसवाल्या भावांसाठी वर्षाचे हप्ते म्हणजे 80 क्विंटल कापूस. कोरडवाहू रानात एकरी चार क्विंटल पिकला तर वीस एकरांचा सगळा कापूस हप्त्यात गेला. त्यात बियाणे, खत, फवारणी, वेचणी काहीच धरलेले नाही. आणि हा हिशेब हमीभावाचा आहे. बाजारात तो पदरात पडतोच असे नाही, हे आपल्यापेक्षा कोणाला जास्त ठाऊक असणार?

कोणी म्हणेल, ऑपरेटर कशाला, पोरगाच चालवील. चालवू द्या. पगाराचे 2 लाख 40 हजार वगळले तरी 1,433 तास लागतात, आणि पोराच्या वर्षभराच्या कष्टाचे दाम शून्य धरावे लागते. आपल्या घामाचे मोल शून्य धरायची सवय आपल्याला शेतीने लावली. ती यंत्राच्या धंद्यातही नेऊ नये.

कोणी असेही म्हणेल की चार वर्षांनी यंत्र आपले होते. हे खरे आहे. पण वर्षाला 4 लाख 35 हजार प्रमाणे चार वर्षांची तूट 17 लाख 40 हजार होते. त्यात सुरुवातीचे 4 लाख मिळवा. पदरचे 21 लाख 40 हजार गेले. यंत्राला निम्मी किंमत, म्हणजे 12 लाख आली, तरी 9 लाख 40 हजारांना खोट बसली.

लहान यंत्राबद्दल आणखी एक गोष्ट. पाइपलाइनचा चर, फळबागेतली अडचणीची जागा यांसाठी ते चांगले आहे. शेततळ्याला ते थिटे पडते. तासाला 15 घनमीटर काढले तर वर सांगितलेल्या तळ्याला 146 तास लागतात. 900 रुपयांच्या दराने 1 लाख 31 हजार होतात. म्हणजे ज्या कामासाठी गावाला यंत्र हवे आहे, त्याच कामाला ते मोठ्या यंत्राच्या दुप्पट महाग पडते. गिऱ्हाईक मोठ्या यंत्राकडेच जाणार.

यात सरकारचाही वाटा आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. माती उकरणाऱ्या यंत्रावर तो 18 टक्के आहे. चोवीस लाखांच्या किमतीत 3 लाख 66 हजार रुपये नुसता कर. नोंदणीकृत ठेकेदार भरलेला कर वळता करून घेतो. शेतकऱ्याच्या मालावर जीएसटी लावून वसूल करायची सोय नाही, म्हणून त्याने भरलेला कर त्याच्याच अंगावर राहतो. पीककर्ज वेळेत फेडले तर 3 लाखांपर्यंत राज्यात शून्य टक्के पडते. यंत्राचे कर्ज मात्र धंद्याच्या व्याजाचे. शेततळे काढा म्हणून सरकार सांगते आणि ते काढणारे यंत्र शेतीचे अवजार मानत नाही. हा अन्याय आपण मांडत राहू. पण तो दूर होईल या भरवशावर आज सही करू नये.

सगळ्यात मोठी भीती वेगळीच आहे. दिवसा काम मिळाले नाही, तरी महिना संपला की हप्ता येतो. दोन हप्ते थकले की वसुलीची माणसे दारात उभी राहतात. अशा वेळी कोणीतरी सांगतो, रात्री नदीवर ये, दुप्पट दर देतो. घोड आणि भीमेच्या पात्रांतून चोरून वाळू काढणाऱ्यांना यंत्र हवेच असते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 48 खाली असे यंत्र जप्त होते आणि दंड लाखांत जातो. यंत्र तहसील कचेरीच्या आवारात गंजत उभे राहते आणि हप्ता चालूच. पोराच्या नावावर गुन्हा लागतो, तो निराळा. त्याच वाळूच्या खड्ड्यांनी काठच्या विहिरींचे पाणी खाली जाते. ज्या पाण्यासाठी तळे खणायला निघालो, ते आपल्याच यंत्राने घालवायचे!

कर्ज किती काळ मानेवर बसते, याची आठवण जुनी नाही. भूविकास बँकेकडून विहीर, पाइपलाइन, ट्रॅक्टर यांसाठी काढलेली कर्जे थकली. बँक बुडाली, पण सातबाऱ्यावरचा बोजा उतरला नाही. शेवटी 2022 साली सरकारने सुमारे 35 हजार शेतकऱ्यांची 964 कोटींची थकबाकी माफ केली. तोवर कित्येकांना त्या जमिनीवर दुसरे कर्ज मिळाले नाही. आता यंत्राचे कर्ज यंत्रावर असते, सातबाऱ्यावर नसते, असे विक्रेता सांगतो. पण सुरुवातीचे 4 लाख कोठून येतात? घरातल्या दागिन्यातून, नाहीतर गुंठे विकून. आणि जामीन कोण राहतो? चुलता, मेव्हणा, शेजारी.

मग मे महिन्यात यंत्र मिळत नाही, त्याचे काय करायचे? त्याचे उत्तर आपल्या बापजाद्यांनी दिलेले आहे. लोखंडी नांगराला चार-चार बैलजोड्या लागत. एकेकाच्या दावणीला त्या नव्हत्या, म्हणून कोणी बसून राहिले नाही आणि कर्ज काढून आठ बैलही घेतले नाहीत. सावड केली, इर्जिक घातले, सगळ्यांची राने पाळीपाळीने नांगरून घेतली. यंत्राचीही तशी सावड करता येते. 2018 च्या उन्हाळ्यात भारतीय जैन संघटनेने जलसंधारणाला यंत्रे पुरवली. यंत्रे संस्थेची होती, गावाने पाहिली ती डिझेलची व्यवस्था आणि कामाची पाळी. ज्या गावांत एकी होती, तिथे त्यांचे चीज झाले.

एका माणसाच्या 55 तासांसाठी कारखान्याचे काम सोडून यंत्रवाला येणार नाही. दहा जणांचे 550 तास एका शिवारात सलग मिळत असतील तर तो येईल आणि दरही मोडून देईल. त्यासाठी जानेवारीतच गावात यादी करावी. कोणाचे किती ब्रास, कोणाच्या रानात खडक, रस्ता कोणाच्या बांधावरून, हे आधी ठरवावे. पाळी चिठ्ठीने काढावी. दर कागदावर लिहावा, डिझेलसह की डिझेलशिवाय, हे स्पष्ट लिहावे. रोज सकाळी आणि संध्याकाळी यंत्राच्या तास-मीटरचा आकडा वहीत टिपून ऑपरेटरची सही घ्यावी. यंत्र नुसते धडधडत उभे राहिले तर तो वेळ कोणाच्या खाती, तेही ठरवावे. जमत असेल तर तासाऐवजी ब्रासवर ठेका द्यावा आणि खड्डा मोजून पैसे द्यावेत.

कोणी यंत्र घेऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. ज्याच्या हातात वर्षाला दोन हजार तासांचे काम लेखी आहे आणि एक पाऊस चुकला तरी सहा हप्ते भरण्याची ऐपत आहे, त्याने जरूर घ्यावे. शेतकऱ्याच्या पोराने धंद्यात उतरलेच पाहिजे. पण उतरताना त्याने धंद्याचा हिशेब करावा, शेजाऱ्याच्या दारातले पिवळे यंत्र पाहून करू नये.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. त्यावर उन्हाळ्यात गावात किती तासांचे काम आहे, तेवढे एकच लिहावे. विक्रेत्याचे रंगीत पत्रक उघडण्याआधी आपण तो कागद वाचू.