‘सगळे इकडे बघा’ म्हणण्याआधी

मे महिन्यात दापोलीजवळच्या मुरुड किंवा कर्द्याच्या किनाऱ्यावर संध्याकाळी साडेसहाला फेरी मारली, की तेच दृश्य पुन्हा पुन्हा दिसतं. पाण्यात खेळणाऱ्या मुलांना हाका मारून बाहेर बोलावलं जातं. आजी-आजोबा मधे, उंच माणसं मागे, बारकी पोरं पुढे अशी ओळ लागते. पाठीशी समुद्र आणि मावळता सूर्य. ‘सगळे इकडे बघा’ म्हणत कोणीतरी फोन उंच धरतं. दोन मिनिटांत मुलं पुन्हा पाण्याकडे धूम ठोकतात आणि फोनमध्ये उरते काळ्या पडलेल्या चेहऱ्यांची एक रांग.

सगळ्यांच्या रजा, शाळेच्या सुट्ट्या आणि गाडीची तिकिटं जुळवून घरची सात-आठ माणसं वर्षातून एकदा एकत्र बाहेर पडतात. त्या चार दिवसांचे फोटो पुढची वीस-पंचवीस वर्षं पाहिले जाणार असतात. ते चांगले यायला हवे असतील तर महागडा कॅमेरा लागत नाही, सवय बदलावी लागते. फोटोसाठी सहल थांबवायची नाही. सहल चालू असतानाच फोटो घ्यायचा.

ओळीत उभं करण्याची सवय आली कुठून, हे समजून घेण्यासारखं आहे. एकेकाळी मराठी घरांत ॲग्फा क्लिक थ्री हा कॅमेरा असे. त्याच्या एका रोलवर बारा फोटो निघत. रोल महाग, धुलाई आणि प्रिंटचा खर्च वेगळा, आणि फोटो कसा आला हे कळायला आठवडा जायचा. अशा वेळी घरातला प्रत्येक चेहरा निदान एका फोटोत नीट दिसावा म्हणून सगळ्यांना एका ओळीत उभं करून श्वास रोखायला सांगणं हाच शहाणपणा होता. आज फोनवर शंभर फोटो काढले तरी खर्च वाढत नाही. कारण संपलं, सवय मात्र तशीच राहिली.

खरं तर घरगुती फोटोचा इतिहास मोकळेपणाचा आहे. १९०० साली ईस्टमन कोडॅक कंपनीने ब्राउनी नावाचा पुठ्ठ्याचा कॅमेरा एक डॉलरला विकायला काढला आणि स्टुडिओत ताठ बसून काढायचा फोटो मुलांच्या हातातला खेळ झाला. फ्रान्समध्ये जाक आंरी लार्तीग नावाच्या मुलाला लहानपणीच कॅमेरा मिळाला होता. १९०५ मध्ये, दहा-अकरा वर्षांचा असताना, त्याने बिशोनाद या नातेवाईक तरुणीचा फोटो टिपला. घराबाहेरच्या पायऱ्यांवरून उडी मारलेली, लांब झग्यासकट हवेत तरंगणारी बिशोनाद त्यात दिसते. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने लार्तीगचे फोटो जगासमोर मांडले. त्या एका उडीत घरातलं सगळं हसणं-खिदळणं आजही ऐकू येतं. बिशोनादला पायरीवर उभं करून ‘इकडे बघ’ म्हटलं असतं, तर हे काहीच उरलं नसतं.

आता उजेडाचं बघू. आपली मोठी सुट्टी नेमकी फोटोसाठी सगळ्यात अवघड महिन्यात येते. पुण्यात १३ मेच्या आणि मुंबईत १५ मेच्या सुमारास शून्य सावलीचा दिवस असतो. दक्षिणेकडे कोकणात तो त्याआधीच येऊन जातो. दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. अशा उन्हात माणसाच्या डोळ्यांच्या खोबणीत, नाकाखाली, हनुवटीखाली काळी सावली पडते, कपाळ तेवढं चकाकतं आणि डोळे बारीक होतात. त्यात दोष चेहऱ्याचा नसतो, फोनचाही नसतो.

म्हणून दुपारी किनारा सोडावा आणि पडवीत यावं. अंगणात पडलेलं ऊन उसळी घेऊन पडवीत शिरतं आणि बाहेर तोंड करून बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर समोरून, अगदी मऊ पडतं. हातांना खोबरेल तेल चोपडून फणस फोडणारी काकू, गऱ्यांची वाट बघत बसलेली मुलं, आढीतला आंबा हुंगून बघणारे आजोबा. कोणालाही काही करायला सांगावं लागत नाही. फोटो काढणाऱ्याने फक्त उंबऱ्याजवळ गुपचूप बसायचं असतं.

किनाऱ्यासाठी सकाळ ठेवावी. कोकणचा समुद्र पश्चिमेला आहे आणि सूर्य डोंगराकडून, माडांच्या मागून वर येतो. सकाळी सात-साडेसातला समुद्राकडे पाठ करून उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर तिरपं, सोनेरी ऊन पडतं आणि मागचं पाणीही निळं दिसतं. संध्याकाळी बरोबर उलटं होतं. मावळतीला पाठ केली की चेहरे काळे. त्या वेळी फोटो काढणाऱ्याने पाण्याच्या बाजूला जावं आणि माणसांची तोंडं सूर्याकडे येऊ द्यावीत. मागे माडांची आणि सुरूची रांग येते. सूर्यच हवा असेल तर चेहऱ्यांचा मोह सोडावा आणि पळणाऱ्या मुलाची, हात धरून चालणाऱ्या दोघांची नुसती आकृती घ्यावी. दोन माणसांमध्ये थोडी फट असली की आकृत्या एकमेकींत मिसळत नाहीत. ओहोटी असेल तर ओल्या वाळूत आख्खं आभाळ उतरतं, तेही फोटोत घ्यावं.

फोन कुठून धरला, यावर अर्धा फोटो ठरतो. चार वर्षांच्या मुलाचा फोटो उभ्याने काढला तर डोकं मोठं आणि पाय इवलेसे दिसतात. वाळूत बसलं की त्याने बांधलेला किल्ला खरंच किल्ल्याएवढा दिसतो. फोनचं नेहमीचं भिंग रुंद दृश्य घेणारं असतं, त्यामुळे कडेला उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा ताणला जातो आणि फार जवळून घेतलेल्या चेहऱ्याचं नाक मोठं दिसतं. माणसं चौकटीच्या मधल्या भागात ठेवावीत, चेहऱ्यासाठी दोन पावलं मागे जाऊन दुप्पट झूम वापरावा. समुद्राची रेघ आडवी आहे ना, ते बघावं. आणि त्याआधी भेळेच्या हातांनी तेलकट झालेलं भिंग सुती रुमालाने पुसावं. धुकट फोटोंचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव बघायला बहुतेक कुटुंबं जातातच. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असते, त्यामुळे मे महिन्यात बंदर गजबजलेलं असतं. लांबवर सुवर्णदुर्ग, नांगरलेल्या होड्या, पाण्यात शिरलेल्या बैलगाड्या, टोपल्यांभोवतीचं कोंडाळं. इथेही किल्ला पाठीशी घेऊन ओळ लावली जाते. त्यापेक्षा पहिल्यांदाच एवढी मोठी सुरमई बघणाऱ्या मुलीचा चेहरा टिपावा. मात्र लिलाव हे कोळणींचं पोटापाण्याचं काम आहे. त्यांचा फोटो हवा असेल तर आधी विचारावं, बोलीच्या मधे शिरू नये. वेळासला किंवा आंजर्ल्याला कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघायला मिळाली, तर फ्लॅश कटाक्षाने बंद ठेवावा. ती पिल्लं उजेडाच्या रोखाने चालतात.

जिवाशी खेळ तर कधीच नको. २०१६ च्या जानेवारीत वांद्र्याच्या किनाऱ्यावर सेल्फी काढताना पाण्यात पडून जीव जाण्याची घटना घडल्यानंतर मुंबई पोलिसांनी शहरातली सेल्फीसाठी धोक्याची ठिकाणं निश्चित केली होती. खडकावर, कड्याच्या टोकावर, धबधब्याच्या तोंडाशी पाठमोरं सरकत जाणाऱ्या माणसाचं लक्ष पायांकडे नसतं. फोटो घेणाऱ्यानेच त्याला थांबवायला हवं.

घरोघरच्या फोटोंमध्ये आणखी एक उणीव असते. जो फोटो काढतो तो कुठेच नसतो. एखाद्या घरात दहा वर्षांच्या सहलींमध्ये आई दिसत नाही, एखाद्या घरात बाबा. उपाय सोपा आहे. दिवसातला एक तास फोन मुलांकडे द्यावा. ती कमरेएवढ्या उंचीवरून, वाकड्या कोनातून, मोठ्यांना सुचणार नाही असं काहीतरी टिपतात. गडग्यावर फोन टेकवून दहा सेकंदांचा टायमर लावला, तर चहा पिता पिता सगळेच एका चौकटीत येतात.

घरी परतल्यावर पहिल्याच रविवारी सगळ्यांनी एकत्र बसून सहाशे फोटोंतले छत्तीस निवडावेत. कोणता ठेवायचा यावर भांडण होईल, ते होऊ द्यावं; त्या भांडणात सहल पुन्हा एकदा घडते. निवडलेले फोटो चार बाय सहाच्या कागदावर छापून आणावेत आणि प्रत्येकाच्या मागे गाव, तारीख, माणसांची नावं लिहावीत. हे लिखाण आजीकडे द्यावं. लाटेला घाबरून तिने नातवाचा हात घट्ट धरला होता, त्या फोटोच्या मागे काय लिहायचं हे तिला बरोबर ठाऊक असतं.