शेतातून गेली, ताटातूनही गेली

लठ्ठपणा हा शहरातील सुखवस्तू माणसांचा विकार आहे, अशी समजूत आपण सुशिक्षितांनी फार दिवस बाळगली. ती किती अपुरी आहे हे पाहावयाचे असेल, तर यवतमाळ जिल्ह्यातील राळेगावाकडे पाहावे. कापसाच्या या मुलखात एके काळी ज्वारी माणसाचे पोट भरी आणि तिचा कडबा बैलाचे. भाकर, कण्या, तुरीचे वरण आणि अंबाडीची भाजी यांवर येथील पिढ्या राबल्या. आज शिवारात कापसाच्या जोडीला सोयाबीन दिसते. ज्वारी शोधावी लागते. पाखरांपासून व रानडुकरांपासून ती राखावी कोणी, आणि राखली तरी भाव मिळेल काय, हा शेतकऱ्याचा हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही. रेशनच्या दुकानात त्याला मिळतो तो मुख्यत्वे गहू आणि तांदूळ. आडात नाही, ते पोहऱ्यात कोठून येणार?

जुने अन्न गेले. त्याच्या जागी बाजाराने तळलेले, गोड केलेले आणि पाकिटात भरलेले खाद्य आणून ठेवले. ते स्वस्त आहे, हाताशी आहे आणि मुलांना आवडते. परिणाम डोळ्यांसमोर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २४ टक्के आणि पुरुषांपैकी सुमारे २३ टक्के अतिवजनी आढळले. २०१५-१६ मध्ये हेच आकडे सुमारे २१ व १९ होते. त्याच नव्या पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली दिसली. एकीकडे सुटलेले पोट आणि दुसरीकडे खुंटलेली वाढ, ही दोन्ही एकाच निकस आहाराची अपत्ये आहेत.

ज्वारीत काही जादू आहे असे आम्ही म्हणत नाही. उष्मांकांच्या हिशेबाने ज्वारीचे व गव्हाचे पीठ जवळपास सारखेच. पण कोंड्यासकट दळलेल्या ज्वारीची भाकर सावकाश पचते, लवकर तृप्त करते, आणि मुख्य म्हणजे ती तेलावाचून भाजली जाते. एक ग्रॅम पिठातून चार उष्मांकही मिळत नाहीत, तर एक ग्रॅम तेलातून नऊ मिळतात. खरा घोळ कढईत आहे.

हा विचार विदर्भाला नवा नाही. राळेगावाहून फार दूर नसलेल्या वर्ध्यात १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडीत कुमारप्पांच्या देखरेखीखाली हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल व गूळ यांचे प्रयोग झाले. गावात पिकते ते गावाच्या ताटात यावे, हे त्या प्रयोगांचे सूत्र होते. आपण त्याला खादीबरोबर कपाटात ठेवले.

शासनाने आज उपदेशापलीकडे जावे. २०२० च्या नियमांनी शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत अतिमेद, अतिसाखर व अतिमीठ असलेल्या पदार्थांची विक्री निषिद्ध ठरविली. तो नियम कागदावरून फाटकापर्यंत पोहोचला पाहिजे. सप्टेंबर २०२५ मध्ये शीतपेयांवर ४० टक्के कर बसला हे योग्य झाले. परंतु त्याच वेळी बिस्किटे व फरसाण यांवरील कर ५ टक्क्यांवर उतरावा, यातील विसंगती कोणाच्याही लक्षात येण्यासारखी आहे. ज्वारीची खात्रीने व हमीभावाने खरेदी करून तीच तालुक्यातील रेशन दुकानांत आणि शालेय पोषण आहारात दिली, तर शेतकऱ्याचे व ग्राहकाचे हित एकाच पोत्यात भरता येईल.

आणि आपण? भाकरीला गरिबाचे अन्न म्हणून हिणविले ते आपणच. आज तीच हॉटेलात चढ्या दराने मागवून आपण कौतुकाने खातो. खेड्यातील आई मुलाच्या हाती भाकरीऐवजी पाकीट देते, तेव्हा ती आपलेच अनुकरण करीत असते. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीचा ८० च्या पुढे गेला की धोका सुरू होतो, असे वैद्यकशास्त्र भारतीयांना बजावते. शिंप्याची फीत घरोघर असते. ती आधी स्वतःच्या कमरेला लावावी, मग महिन्याच्या यादीतील तेलाचा आकडा पाहावा. राष्ट्राच्या आहारसुधारणेची सुरुवात त्या यादीपासून व्हावी. राळेगावच्या शेतकऱ्याला उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला त्यानंतरच पोहोचेल.