संगणक रुसला की तापला?

काय बालदोस्तांनो, परीक्षा झाली का? पेपर कसे गेले ते मी विचारणार नाही. ते विचारणारी मंडळी घरोघरी पुष्कळ असतात! मी आज तुम्हांला एका चोराच्या शोधाची गोष्ट सांगणार आहे. चोर आमच्या वर्गातच होता. तो कोण निघाला, हे कळल्यावर तुम्ही मला हसाल. पण हरकत नाही.

आमच्या शाळेत एकच संगणक आहे. फळ्याशेजारच्या टेबलावर मॉनिटर आणि त्याच्या बाजूला उभा डबा. या डब्याला सगळेच 'सीपीयू' म्हणतात. खरं तर डब्याचं नाव कॅबिनेट. सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, ही आत बसवलेली बिस्किटाएवढी चौकोनी चिप. संगणकाची सगळी आकडेमोड तीच करते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

उन्हाळा सुरू झाला आणि आमचा संगणक मध्येच बंद पडू लागला. काही सूचना नाही, काही नाही. खट्‌ आवाज, आणि पडदा काळा! आणि बंद पडायचा तो नेमका चौथीतल्या एका मुलाच्या पाळीला. मुलं ओरडायची, "बाई, यानंच बिघडवला!" एक दिवस मीही चिडले. म्हटलं, "आठ दिवस तू संगणकाला हात लावायचा नाहीस." तो काही बोलला नाही. मागच्या बाकावर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो माझ्यापाशी आला. "बाई, मी खरंच काही केलं नाही."

"मग तो बंद कशानं पडतो?"

"माहीत नाही. पण शोधू या ना? मी हात लावत नाही, मी नुसतं लिहून ठेवतो."

मला एक जुनी हकिकत आठवली. १९४७ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाचं 'मार्क २' नावाचं भलंमोठं गणकयंत्र चुकू लागलं. शोधता शोधता आत एक पतंग सापडला. दिव्यावर येतो ना, तसला! तिथल्या मंडळींनी तो कामाच्या वहीत चिकटवून टाकला आणि बाजूला नोंद केली. ती वही आजही तिथल्या संग्रहालयात आहे. म्हटलं, चला, आपणही वही घालू या.

वहीत रकाने आखले : तारीख, किती वाजता सुरू केला, किती वाजता बंद पडला, कोण बसलं होतं, काय चाललं होतं. आठ दिवस तो मुलगा इमानेइतबारे लिहीत होता. मग आम्ही सगळ्यांनी मिळून वही वाचली. काय दिसलं सांगू?

सकाळी संगणक छान चालायचा. दुपारी वरचे पत्रे तापले की बंद पडायचा. चित्रफीत किंवा गाडीचा खेळ चालू असला तर लवकर, नुसतं टायपिंग असलं तर उशिरा. बंद पडल्यावर लगेच सुरू केला तर पाचच मिनिटांत पुन्हा बंद. अर्धा तास विश्रांती दिली तर बराच वेळ चाले. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, त्या आठ दिवसांत आमचा लेखनिक संगणकाजवळ फिरकलाही नव्हता, तरी तो बंद पडतच होता! त्या मुलाच्या गटाची पाळी शेवटच्या तासाला असायची, एवढाच त्याचा गुन्हा.

आता जरा डोकं चालवा. दुपारी, जास्त काम असताना, लागोपाठ सुरू केल्यावर... या सगळ्यांत समान काय? बरोबर, उष्णता!

प्रोसेसर काम करतो तेव्हा तापतो. जेवढं काम जास्त, तेवढा ताप जास्त. ही उष्णता काढून घ्यायला त्याच्यावर धातूच्या पातळ पात्यांचा ठोकळा असतो आणि त्यावर पंखा. तरीही ताप वाढतच गेला तर प्रोसेसर आधी आपला वेग कमी करतो. तेवढ्यानं भागलं नाही आणि तापमान साधारण शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास पोचलं, की जळून जाऊ नये म्हणून संगणक स्वतःच बंद होतो. म्हणजे तो खोड्या करत नव्हता, स्वतःचा जीव वाचवत होता!

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून आम्ही नियम केला : एका वेळी एकच बदल. चार बदल एकदम केले, तर गुण कशानं आला ते कळणार कसं?

पहिल्या दिवशी मी बटण बंद करून मागच्या वायरी घट्ट बसवल्या. सैल वायरीनंही संगणक असाच पटकन बंद होतो. फरक नाही. पुढचं बटण अडकलेलं नाही ना, तेही पाहिलं, कारण ते चार-पाच सेकंद दाबलेलं राहिलं तर संगणक बंद होतो. ते ठीक होतं. दुसऱ्या दिवशी यूपीएस मधून काढून संगणक थेट भिंतीच्या प्लगला जोडला. यूपीएसची बॅटरी जुनी झाली की वीज जराशी गेली तरी संगणक बंद पडतो. पण इथे तरीही फरक नाही. तिसऱ्या दिवशी तो मुलगा म्हणाला, "बाई, कॅबिनेटचं कव्हर काढू या का?"

झालं! ते झालर लावलेलं कापडी कव्हर मी स्वतः शिवलं होतं, धूळ बसू नये म्हणून. मॉनिटरचं कव्हर रोज काढत होतो, कॅबिनेटचं तसंच राहत होतं. त्याच्या पडद्यावर थोडंच काही बघायचं असतं! पण गरम हवा बाहेर पडायची जाळी नेमकी त्याखाली झाकली गेली होती. कव्हर काढलं आणि संगणक दुप्पट वेळ चालला. मात्र शेवटी बंद पडलाच. म्हणजे चोर एकटा नव्हता.

मग दुरुस्तीवाल्या दादांना बोलावलं. त्यांनी प्लग काढला, कॅबिनेट अंगणात नेऊन बाजूचा पत्रा उघडला. आत पाहतो तो काय, पंख्याखाली पांढुरक्या धुळीची जाड गोधडीच! फळ्यावरच्या खडूची धूळ, दुसरं काय? दादांनी पंख्याची पाती बोटानं धरून मऊ ब्रशनं धूळ झाडली. चिप आणि ठोकळा यांच्यामधली पेस्ट वाळली होती, ती पुसून नवी लावली. संगणक फळ्यापासून दूर खिडकीपाशी नेला. त्यानंतर पंधरा दिवस वही चालू ठेवली. 'बंद पडला' या रकान्यात एकही नोंद नाही!

चोर म्हणजे माझं कव्हर आणि माझाच खडू. मी सगळ्या वर्गासमोर त्या मुलाला म्हटलं, "माझं चुकलं. वही पाहायच्या आधीच मी तुला दोषी ठरवलं." तो लाजला आणि म्हणाला, "बाई, आता माझी पाळी पहिल्या तासाला द्या." दिली!

तुमच्या घरी किंवा शाळेत असं झालं, तर तुम्हीही वही घाला. काम करताना दर थोड्या वेळानं कंट्रोल आणि एस दाबून साठवत जा, म्हणजे लिहिलेलं वाया जाणार नाही. मात्र कॅबिनेट स्वतः उघडायचं नाही. ते मोठ्यांचं काम, आणि तेही प्लग काढून. ओलं फडकं तर मुळीच नको.

पालकांनो, तुम्हांलाही दोन शब्द. कॅबिनेटमध्ये वीज घेणारी जी लोखंडी पेटी असते, तिला एसएमपीएस म्हणतात. ती मात्र तुम्हीही उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्यात काही काळ विजेचा साठा राहतो. जळका वास आला तर संगणक पुन्हा सुरू न करता जाणकाराला दाखवा. आणि 'तूच काहीतरी केलंस' हे वाक्य ओठांवर आलं, तर आधी वही मागा.

आता तुमच्यासाठी कोडं. एका घरी संगणक सकाळी, दुपारी, कधीही बंद पडतो. यूपीएस आहे, तरीही. पण नेमका तेव्हाच, जेव्हा घरातले दिवे क्षणभर मिणमिणतात. पुन्हा सुरू केला की तासन्‌तास चालतो. मग चोर कोण? आणि खात्री करायला कोणता एकच बदल करून पाहाल? विचार करा, वहीत लिहा. उत्तर पुढच्या अंकात.

तोवर अच्छा!

तुमच्या बाई